ज्याला जे दिसेल ते

शुद्धीवर असलेल्या माणसाशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत असा डॉक्टर मी जन्मात एकच पाहिला. समोरचा माणूस सरळ उभा असेल, नीट बघत असेल आणि 'काय डॉक्टर, बरं आहे ना?' असं विचारत असेल, तर आमच्या डॉक्टरांची बोबडी वळायची. 'हं', 'हो', 'बघू' यापलीकडे गाडी जायची नाही. पण तोच माणूस भान हरपून खाटेवर आडवातिडवा झाला, छताकडे बोट दाखवून किंचाळायला लागला, की डॉक्टर त्याच्या उशाशी स्टूल ओढून बसत आणि अशा काही गप्पा मारत की वॉर्डातली कामं सोडून ऐकत राहावं.

आमचा दवाखाना धर्मादाय होता. धुळ्यातल्या कापसाच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला. मी तिथे स्टाफ नर्स. मूळची अमळनेरची, आणि तोंडाची फटकळ. मेट्रन मला म्हणायच्या, 'तुझ्या इंजेक्शनापेक्षा तुझं बोलणं जास्त टोचतं.' साठ-सत्तरच्या सुमाराचा काळ. अपघात, भाजणं, विंचू, साप आणि विषबाधा असं जे काही दारात येऊन पडेल ते आमच्याकडे, आणि त्यातली तरणी पोरं नशापाणी करून आलेली असली की ती या डॉक्टरांकडे. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं. बाकीच्या डॉक्टरांना अशा पोरांचा राग यायचा. यांना येत नसे, एवढंच.

दिसायला उंच, जरा वाकलेले, आणि मे महिन्याच्या उन्हातसुद्धा कानाला मफलर. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना पायजम्याची नाडी बांधून ती मानेमागे गाठवलेली असे, कारण भ्रमातली पोरं पहिला हात चष्म्यालाच घालतात. बुशशर्टाच्या खिशात एसटीची जुनी तिकिटं, एक शिट्टी आणि कापडाचा तुकडा असा काहीतरी पसारा असायचा. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला वाटलं, यांनाच कुणीतरी भरती करून घ्यायला हवं. कुठले कोण ते कुणाला नीट माहीत नव्हतं. बोलण्यावरून कोकणाकडचे वाटत. दवाखान्यामागच्या एका खोलीत एकटे राहत. दिवाळीत कुणी भेटायला आलं नाही की हे कुठे गेले नाहीत.

नशेचा आमच्याकडे हंगाम असे. महाशिवरात्रीला सुरू व्हायचा आणि रंगपंचमीला ओसरायचा. पेढीवरच्या शेठ लोकांची मुलं धुळवडीला थंडाईत भांग घेत, तो तर त्यांच्या घरचा रिवाजच होता. भांगेनं सहसा कुणी मरत नाही. हसतात, रडतात, झोपतात. खरा घात व्हायचा धोत्र्यानं. महादेवाला धोत्र्याचं फळ वाहतात. पिंडीपुढे त्या काटेरी फळांचा ढीग पडलेला असायचा. वसतिगृहातली पोरं त्यातलीच फळं उचलून आणत आणि भांगेला जोर यावा म्हणून बिया वाटून घालत. देव पचवतो ते आपल्याला का पचू नये, असा त्यांचा हिशोब. परीक्षेनंतर मग झोपेच्या गोळ्या घेऊन जागं राहायच्या पैजा लागत. त्या पोरांचा तर आवाजच बंद असायचा. श्वास चालू ठेवणं हीच तिथली लढाई.

धोत्रा चढलेलं पोरगं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. अंग तापलेलं, तोंड कोरडं ठाक, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळच दिसू नये. नसलेल्या माणसांशी बोलतात. हवेतून काहीतरी वेचतात. नसलेली विडी वळतात, शिलगावतात आणि ओढतातही. उजेडाला घाबरतात, पळायला बघतात. दुसरीकडे अशांचे हातपाय बांधून ठेवत. आमचे डॉक्टर बांधू देत नसत. पोट धुऊन काढायचं, अंग गार पाण्याने पुसायचं, लघवी अडली तर नळी घालायची, हे सगळं ते भराभर आणि चोख करत. एकदा ते आटोपलं की खिडक्यांना चादरी लावून अंधार करत आणि स्टूल ओढून पोराला विचारत, 'हं, कोण आलंय?'

मग तो ज्याचं नाव घेईल ते डॉक्टर होत.

एक पोरगं एसटीत बसलं होतं. म्हणजे त्याच्या लेखी. त्याला अमळनेरला उतरायचं होतं आणि गाडी थांबत नव्हती म्हणून ते खाटेवरून उडी टाकायला बघत होतं. आम्ही तिघं त्याला धरून होतो. डॉक्टरांनी खिशातून तिकीट काढलं, त्याच्या हातात दिलं, शिट्टी फुंकली आणि करड्या आवाजात म्हणाले, 'दारातून मागं व्हा! अमळनेर आलं की मी सांगतो. बसून घ्या.' पोरगं निमूट बसलं. दुपारभर डॉक्टर कंडक्टर होते. मधे मधे ओरडायचे, 'फागणे! कुणी आहे का फागण्याचं?' मी हसू दाबायला बाहेर पळाले. पण पोराची नाडी हळूहळू खाली आली.

दुसरा एक आमच्या विश्वस्तांपैकीच एकाचा मुलगा. त्याला वाटत होतं आपण दुकानात बसलोय आणि गिऱ्हाईक निघून चाललंय. चादर हातात घेऊन तो वार मोजत होता. डॉक्टर गिऱ्हाईक झाले. 'हा पोत बरा नाही, दुसरा दाखव,' असं म्हणत त्यांनी त्याच्याशी अशी घासाघीस केली की पोराचे वडील धावतपळत आले तेव्हा दारातच थबकले. त्यांना आधी कळेना की वेड नक्की कुणाला लागलंय. मग दोघांचा भाव जमला आणि मुलगा दमून झोपी गेला. शेठजी भिंतीला टेकून पुसट आवाजात म्हणाले, 'धंद्यात पक्का आहे.' त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी एकदा विचारलं, 'डॉक्टर, हे सोंग कशाला? झोपेचं इंजेक्शन द्यावं आणि मोकळं व्हावं.'

ते जमिनीकडे बघत म्हणाले, 'देतो की. पण ते चढेपर्यंत तो तिथे एकटा असतो, सिस्टर.' माझ्याशी बोललेलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य असावं.

घरच्या माणसांची मात्र त्यांना धास्ती वाटे. कारण नशा उतरवायला आंबट द्यायचं, हे आमच्याकडे घरोघरी पक्कं ठाऊक. गुंगीतल्या पोराची दातखीळ चमच्याने उघडून चिंचेचं पाणी, लिंबू, ताक, नाहीतर पातळ केलेलं तूप ओतायचे. माया म्हणूनच ओतायचे. पण ज्याला गिळायची शुद्ध नाही त्याच्या ते छातीत उतरतं. नशेनं न मेलेली पोरं घरच्या चिंचेच्या पाण्याने मेलेली मी पाहिली आहेत. एका आईने तर रिकामं फुलपात्र हातात धरून विचारलं होतं, 'अजून थोडं द्यायला पाहिजे होतं का?' डॉक्टर तिच्यापुढे खूप वेळ उभे राहिले. त्यांना काही बोलता आलं नाही. ती शुद्धीवर होती ना.

त्यानंतर धुळवडीच्या दिवशी त्यांनी एक खूळ काढलं. सकाळीच आग्रा रोडवर जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या टोळक्याला सांगायचे, 'तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. आणि बोलत राहा.' एवढंच, पाठ केल्यासारखं. पोरं त्यांच्यावर रंग ओतायची. हिरवेनिळे होऊन ते दवाखान्यात परत यायचे, मफलर पिळायचे आणि कामाला लागायचे.

गावात त्यांना कुणी ओळख देत नसे. याची मला आधी फार चीड यायची. मी एकदा त्यांच्याबरोबर औषधांच्या दुकानाकडे निघाले होते. रस्त्यात एक वकील, ज्यांच्या मुलाला आम्ही महिन्यापूर्वीच यमाच्या हातापाया पडून परत आणलं होतं म्हणा ना, ते समोरून आले आणि एकदम पाटी वाचायला लागले. पुढे एक गुरुजी गल्लीत वळले. पेढीवरचे एक शेठ तर पायाखाली काहीतरी हरवल्यासारखे वाकले. डॉक्टरांना नमस्कार करणं म्हणजे आपला मुलगा तिथे पडला होता हे चारचौघांत कबूल करणं. घरात लग्नाची मुलं-मुली असत. मी भडकून म्हटलं, 'काय ही माणसं!' तर डॉक्टर म्हणाले, 'मीच सांगतो त्यांना.' आणि खरंच, पेशंट घरी जाताना ते घरच्यांना हळूच सांगायचे, 'बाहेर भेटलो तर ओळख दाखवू नका.' म्हणजे निम्म्या गावाला हा माणूस चांगला ठाऊक होता आणि त्यामुळेच निम्मं गाव त्याला बघून तोंड फिरवत होतं.

त्यात आणखी एक तऱ्हा. पोरगं शुद्धीवर आलं की हे त्याच्या खाटेकडे फिरकत नसत. ते काम मोठ्या डॉक्टरांकडे. धोत्र्यातून उठलेल्याला मधलं काही आठवत नाही. ज्याने आदल्या दिवशी यांना 'आबा, आबा' म्हणत घट्ट धरलेलं असे तो दुसऱ्या दिवशी यांच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघे. ते त्यांना सोसत नसावं. आम्ही आपसांत चेष्टा करायचो की डॉक्टरांचा गोतावळा मोठा, पण टिकत नाही. आता वाटतं, चेष्टा कसली, खरंच होतं ते.

त्यांना अहिराणी येत होती असं म्हणवत नाही, पण काही अहिराणी येत होती. ती सगळी त्यांनी भ्रमातल्या पोरांकडून उचललेली. त्यामुळे त्यात प्रश्न नव्हते, नुसती उत्तरं होती. 'हा, उनू.' 'आठेच शे मी.' 'नही रे, रागे नही.' आलो, इथेच आहे, रागावलो नाही. एवढ्या भांडवलावर माणूस किती नाती निभावू शकतो ते मी तिथे पाहिलं.

हे सगळं सांगितलं ते एका पोरासाठी. तो पिंपळनेरचा. धुळ्याला कॉलेजात शिकायला, वसतिगृहात राहायला. महाशिवरात्रीच्या सकाळी त्याचे सोबती त्याला टांग्यात घालून घेऊन आले आणि पायरीवर ठेवून पसार झाले. अंग भट्टीसारखं. पोट धुतलं, पुसून काढलं, चादरी लावल्या. डॉक्टरांनी स्टूल ओढलं.

'कोण आलंय?'

पोराने त्यांचं मनगट धरलं. 'दादा? तू उना का?'

'हा, उनू,' डॉक्टर म्हणाले.

आणि पोरगं ढसाढसा रडायला लागलं. 'बाबा गया तव्हय मी शुद्धीमा नव्हतू, दादा. तू माणूस धाडा, पन माले उठता उनं नही.' वडील गेले तेव्हा हा कुठेतरी भांग पिऊन पडला होता. भावाने बोलवायला माणूस पाठवला, तरी याला उठता आलं नाही. तेच तेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. डॉक्टर त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होते आणि म्हणत होते, 'नही रे, रागे नही. आठेच शे मी.' मी माझ्या दुसऱ्या पेशंटांकडे गेले. दुपारी येऊन बघते तो डॉक्टर तसेच बसलेले, मनगट त्याच्या मुठीत, आणि दोघं कुठल्यातरी बैलाबद्दल बोलत होते.

वसतिगृहाच्या रेक्टरांनी पिंपळनेरला निरोप धाडला होता. आमच्याकडे असे निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर जायचे आणि त्याच्याबरोबरच उत्तर यायचं. दुसऱ्या दिवशी कंडक्टर दवाखान्यात आला. टोपी हातात घेऊन मला म्हणाला, 'सिस्टर, भाऊनी सांगेल शे, मनासाठे तो मरी गया.' माझ्यापुरता तो मेला. बापाच्या वेळेला नशेत होता, आताही नशेत. आता माझ्या दारात पाय ठेवला तर गावादेखत हाकलून देईन, असंही भावाने सांगितलं होतं. हे शब्द कंडक्टरने अवघडून सांगितले. मी ते डॉक्टरांना सांगितले. ते नुसतं 'हं' म्हणाले.

खरा घोळ त्यानंतर झाला. पोरगं शुद्धीवर आलं. चहा घेतला, तोंड धुतलं, आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसलं की मला काही कळेना. म्हणालं, 'सिस्टर, माझा दादा आला होता ना? माझ्याजवळ बसला होता. त्याने मला माफ केलं. मी आता घरी जाणार आहे.'

मी उतरलेलं थर्मामीटर पुन्हा झटकलं. आजवर कुणाला काही आठवलं नव्हतं. याला सगळं आठवत नव्हतं, पण तेवढं मात्र राहिलं होतं. मी 'बघू हं' असं काहीतरी पुटपुटून थेट डॉक्टरांची खोली गाठली. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

'तो घरी जाईल,' ते म्हणाले. 'आणि भाऊ त्याला हाकलेल.'

'आणि मग हा पोरगा काय करेल ते तुम्हाला मी सांगायला नको,' मी म्हटलं. मला रागच आला होता. 'दुसऱ्याच्या नावाने माफी वाटत सुटायचं म्हणजे काय? कंडक्टर झालात तिथवर ठीक होतं.'

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं की या मुलाची लघवी अजून साफ नाही, त्याला सोडू नका. मग माझ्यापुढे येऊन मफलरशी चाळा करत उभे राहिले. 'सिस्टर, पिंपळनेरला जायला हवं. मला तिथे बोलता येणार नाही.'

माझी थोरली बहीण साक्रीला दिलेली. तो रस्ता माझ्या पायाखालचा. रजा टाकून सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. एवढ्या वर्षांत डॉक्टरांनी धुळं सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीतून सारखं बाहेर बघत होते. कंडक्टरने तिकिटाला विचारलं तर दचकले. खऱ्या कंडक्टरशी काय बोलायचं ते त्यांना सुचेना, मीच तिकिटं काढली.

त्या मुलाच्या भावाची पीठगिरणी होती. दारात ज्वारी-नागलीची टोपली घेऊन बाया बसलेल्या, आत पट्ट्याची धडधड, आणि पिठाने भुवयासुद्धा पांढऱ्या झालेला तो आडदांड माणूस. मी पुढे होऊन ओरडून सांगितलं की आम्ही धुळ्याच्या दवाखान्यातून आलोय. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टोपलं ओतलं, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. मी पुन्हा ओरडले, 'भाऊ, तुमचा भाऊ बरा आहे!' तो म्हणाला, 'माले भाऊ नही.' बाया टक लावून बघायला लागल्या. माझी जीभ कधी अडत नाही, पण त्या धडधडीपुढे तिचं काही चालेना.

तेवढ्यात मागून डॉक्टर ओरडले. 'त्याला वाटतंय तुम्ही आला होतात!'

गिरणीवाल्याने वळून पाहिलं.

'मी सांगितलं त्याला! मी तुमच्या नावाने बोललो! तुम्हाला न विचारता!' आयुष्यात पहिल्यांदाच शहाण्यासुरत्या माणसाशी बोलत होते, तेही बोंब मारून. 'माझी चूक झाली! मला माफ करा!'

त्याने हात पुसले आणि पट्टा उतरवला. एकदम सगळं शांत झालं.

'काय सांगं?' त्याने विचारलं.

मग डॉक्टर तिथे पोत्यावर बसले आणि त्यांनी भ्रमातल्या त्या मुलाशी काय काय बोलणं झालं ते सांगायला सुरुवात केली. नजर खाली, आवाज बारीक, पण एक शब्द गाळत नव्हते असं मला वाटलं. तो हे म्हणाला, मी हे म्हटलं. बैलाचं सांगितलं. तो रडला ते सांगितलं. 'त्याने विचारलं, बाबा माझ्यावर रागावून गेले का? मी म्हटलं, नाही, तुझी आठवण काढत गेले. हे मला माहीत नव्हतं. मी आपलं म्हटलं.'

गिरणीवाला दाराची चौकट धरून उभा होता. 'आठवन काढेत,' तो म्हणाला. 'मरता मरता बी त्यालेच इच्यारे. मी रातदिन उशाशी बठेल, अन् इच्यारे त्याले.' हे बोलताना त्याने पिठाचा हात तोंडावरून फिरवला.

मी म्हटलं, 'भाऊ, मग एवढं करा. येऊन जा. आला होतात असं म्हणा.'

'मी उनू नही,' तो म्हणाला. 'उनू म्हनीसन कसं सांगू? खोटं मनावरी व्हत नही.'

त्याने आम्हाला पाणी दिलं, पट्टा पुन्हा चढवला. परतीच्या वाटेवर डॉक्टर एकदाच बोलले. कुसुंब्याच्या आसपास असावं. म्हणाले, 'खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, सिस्टर. समोरचं आपलं माणूस नसतं म्हणून असेल.' मला त्यांच्याकडे बघवेना. मी कंडक्टरशीच कशावरून तरी वाद घालत बसले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी लघवीचा बहाणा ओळखला आणि त्या मुलाला सोडायचं ठरवलं. त्याने पिशवी भरली, केस विंचरले आणि पिंपळनेरच्या गाडीची वेळ मला दोनदा विचारली. मी त्याला उगाच जेवणापर्यंत थांब म्हटलं. डॉक्टर, जे शुद्धीवरल्या पेशंटच्या वॉर्डात पाय टाकत नसत, ते त्या दिवशी तिथल्याच हात धुवायच्या नळाशी घुटमळत होते. शेवटी मुलाला खरं सांगायला ते तयार झाले होते. मला म्हणाले, 'मीच सांगतो.' पण पाय उचलत नव्हता.

आणि दारात तो आडदांड माणूस उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात फडक्यात बांधलेली भाकर. पोरगं खाटेवरून उठलंच.

'दादा! परत उना?'

भाऊ जागच्या जागी उभा राहिला. खोटं आपल्याने होत नाही म्हणणारा माणूस. त्याने एकदा नळाकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

'हा,' तो म्हणाला. 'उनू.'

खाटेवर त्याच्याजवळ बसला. मग धाकटाच हसत म्हणाला, 'माले बठ्ठं याद नही. पन तू एक बोलना ते याद शे.'

'काय बोलनू?'

'माले तुनाशिवाय कोनी नही रे भाऊ, असं बोलना.'

भावाने टोपी काढून मांडीवर ठेवली. घरी त्याची आई होती, बायको होती, पोरं होती. गिरणीच्या दारात अर्धं गाव बसलेलं असे. असलं वाक्य त्याच्या तोंडी यायचं काही कारणच नव्हतं, आणि पोत्यावर बसून एकेक शब्द सांगणाऱ्या डॉक्टरांनी नेमकं हेच तेवढं सांगितलं नव्हतं. मलाही त्या क्षणी कळलं ते वाक्य कुणाचं. नळ तसाच वाहत होता आणि डॉक्टर धुतलेले हात पुन्हा धूत होते, आमच्याकडे पाठ करून.

'हा, बोलनू मी,' भाऊ म्हणाला. डॉक्टरांच्या पाठीकडे बघतच म्हणाला. मग उठला, नळ बंद केला आणि त्यांचा ओला हात धरून त्यांना खाटेशी घेऊन आला. फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा. 'बसा साहेब. जेवा.'

धाकट्याने विचारलं, 'दादा, कोन शे हाऊ?'

'घरना मानूस शे,' भाऊ म्हणाला आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

डॉक्टर तो तुकडा धरून उभेच राहिले. चष्म्याची काच धुकटलेली. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, 'सिस्टर, आता मी काय म्हणायचं?'

मी म्हटलं, 'काही म्हणू नका, डॉक्टर. जेवा.'